ओळंबे नानांची फत्तेवेस

नाना कोणाच्याही घरी गेले, तरी उंबरठा ओलांडण्यापूर्वी बंडीच्या खिशातून ओळंबा काढीत आणि दाराच्या चौकटीला लावून पाहत. दोरीच्या टोकाचा तो पितळी गोळा स्थिर होईपर्यंत ते श्वाससुद्धा जपून घेत. चौकट सरळ निघाली तर आत येत. नाही निघाली तर यजमानाला नमस्कार करण्याआधी ती किती बोटे कलली आहे ते सांगत. धाकट्या मुलीसाठी स्थळ पाहायला ते राहुरीकडच्या एका गावी गेले, तेव्हा मुलाचे वडील पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. नानांनी पाय धुतले, चूळ भरली आणि मग ओळंबा काढला. "पाव्हनं, पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले, "भिंत मातूर तुमची सासुरवाडीला निघालीय." लग्न झाले. पुढच्या उन्हाळ्यात व्याह्यांची ती भिंत नानांनीच उतरवून पुन्हा बांधून दिली.

जातीने आणि व्यवसायाने ते पाथरवट होते. त्यांचे खरे नाव तलाठ्याच्या दप्तराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते; सारा गाव त्यांना ओळंबे नाना म्हणे. वेदपाठशाळेतले अध्ययन संपवून मी राहुरी आणि सोनई यांच्या मधल्या त्या गावी राममंदिराच्या सेवेला आलो, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि नाना साठीच्या पुढे गेले होते. मंदिरात ते प्रथम आले त्या दिवशी त्यांनी सभामंडपाचे चारही खांब तपासले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शास्त्रीबुवा, खांब समदे सरळ हायेत. तुमीच वाकून चालता." मी त्या वेळी खरोखरच खांदे पाडून चालत असे. त्या दिवसापासून सरळ चालू लागलो.

गावाच्या पश्चिमेला एक जुनी कमान होती. तिला फत्तेवेस म्हणत. गावचे मूळ पुरुष असलेले कोणी सरदार उत्तरेकडच्या मोहिमेवरून विजयी होऊन परतले, तेव्हा त्यांनी ती उभारली, असे सर्व जण सांगत. तिला गावकूस असे कधी नव्हतेच, दरवाजाची फळीही नव्हती. मोकळ्या माळावर एकटी कमान, तिच्या दोन्ही पायांत आतल्या अंगाला बसण्याचे दगडी ओटे आणि दिव्यासाठी कोनाडे. काळ्या दगडाची ती टोकदार कमान वर जाता जाता इतकी हलकी होत गेली होती, की खाली उभे राहून पाहणाऱ्याला दगडाचा भार जाणवतच नसे. दोन्ही खांद्यांवर एकेक उमललेले कमळ कोरले होते आणि अगदी माथ्यावरच्या कळीच्या दगडावर न उमललेले, मिटलेले कमळ होते. नाना सांगत, की हे काम त्यांच्या घराण्यातल्या पूर्वजांचे. त्याला लेखी पुरावा काही नव्हता. पण दरवर्षी दसऱ्याला सोने लुटून झाले, की नाना घागरभर पाणी घेऊन जात, कमानीचे दोन्ही पाय धूत आणि सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढीत. हा त्यांच्या घराचा कुळाचार होता.

कमान म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावले. मी विचारले होते, की एवढे दगड एकमेकांना कशाने धरून राहतात? नाना हसले. "कुनी कुनाला धरीत न्हाई, शास्त्रीबुवा. समदे पडायच्याच बेतात असत्यात. पन एकदमच पडाय बघत्यात, म्हनून कुनालाच जागा मिळत न्हाई."

गावाची एक श्रद्धा मात्र त्यांना मान्य नव्हती. सरदार अंबारीत बसून कमानीखालून गेले, असे लोक अभिमानाने सांगत, तेव्हा नाना प्रत्येक वेळी मध्येच बोलत, "हत्ती माईना." त्यांनी कमान मापली होती. हत्ती कसाबसा गेला असता, अंबारी गेली नसती. यावरून पाटलांशी त्यांचे दर पोळ्याला भांडण होई. पाटील म्हणत, "अहो नाना, सरदार वाकला आसंल." नाना म्हणत, "जिंकून आलेला मानूस वाकंल कशाला?" शेवटी हा वाद माझ्याकडे आला, कारण कमानीच्या डाव्या पायावर चुन्याच्या थरांखाली एक संस्कृत लेख होता. नारळाच्या काथ्याने आणि पाण्याने तीन दिवस घासून मी तो मोकळा केला. दोनच ओळी होत्या. विजय हा देवाचा आहे, आणि परतून येणाऱ्यांना क्षणभर बसता यावे म्हणून ही कमान देवाला अर्पण केली आहे, एवढाच त्यांचा आशय. सरदाराचे नाव झिजून गेले होते. नानांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हत्ती न्हाई ना त्यात?" मी म्हटले, "नाही." "मी म्हनलोच हुतो," असे म्हणून ते बिडी ओढायला ओट्यावर बसले.

महायुद्ध संपले त्या वर्षी उसाचे ट्रक आमच्या रस्त्याने येऊ लागले आणि रस्ता रुंद करण्याचे काम निघाले. एक तरुण ओव्हरशियर नकाशे घेऊन आला. तो उर्मट नव्हता. गावाने कमानीसाठी हात जोडले, तेव्हा तो म्हणाला, "रस्ता मी चाळीस पावले बाहेरून नेतो. पण कमान भक्कम असली पाहिजे. उद्या ती ट्रकवर किंवा माणसावर पडली, तर जबाबदार कोण? तुमचा हा ओळंबेवाला मिस्त्री सर्वांसमक्ष सांगू दे, मी त्याच्या शब्दावर लिहितो." गाव निश्चिंत झाले. नानांइतके त्या कमानीचे जिवलग दुसरे कोण होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव वेशीपाशी जमला. नानांनी शिडी लावली, उजव्या पायाच्या माथ्यावरून ओळंबा सोडला आणि खाली उतरून दोरीकडे पाहत उभे राहिले. दोरी तळाशी दगडापासून चांगली तीन बोटे सुटून राहिली होती. मी जवळच होतो, म्हणून मलाही दिसले. पाटील पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "नाना, वारं हाय. दोरी हालतीय."

"वारं कवाचं थांबलंय, पाटील."

"मंग तीन बोटांचं काय एवढं? कोन बघतंय?"

"मी बघतोय न्हवं?" नाना म्हणाले आणि ओव्हरशियरकडे वळले. "सायेब, कमान झुकलीय. पाटाचं पानी खालनं मुरलंय, पायाची माती गेलीय. चार-पाच पावसाळं काढंल, मंग पडंल. कुनावर पडंल त्ये मला सांगता येत न्हाई."

मागून एका म्हातारीने म्हटले, "आपल्याच घरच्या मानसानं घाव घातला की!" त्यावर पुष्कळ जण बोलले. नाना ऐकत उभे राहिले. सर्वांचे बोलून झाल्यावर त्यांनी ओव्हरशियरला एकच मागणे केले: "पाडू नगा. मला उतरवू द्या. एकेक दगूड हातानं उतरवतो आन् तिकडं खडकावर पुन्ना उभी करतो." ओव्हरशियरने पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली. त्यापुढे उतरवलेले दगड रस्त्याच्या भरावात जातील, हेही त्याने स्पष्ट सांगितले.

कार्तिकात काम सुरू झाले. नाना आणि त्यांचे दोन पुतणे, एवढीच माणसे. गावातून पहिल्या पंधरवड्यात कोणी आले नाही. कमानीला दोन्ही बाजूंनी अकरा अकरा दगड होते आणि माथ्यावर कळीचा एक. कोणता कुठला, हे ध्यानात राहणे अत्यावश्यक होते. पण एकदा बसलेल्या दगडाला पुन्हा टाकी लावायची नाही, असा नानांच्या घराण्याचा नेम होता. त्यामुळे खुणा कोरता येत नव्हत्या. गेरूने खुणा केल्या, तर त्या दवानेच ओघळल्या. तेव्हा सल्ला दिला तो मी. मंदिराबाहेरच्या मारुतीवरचा शेंदूर पावसातही जात नाही, हे मी रोज पाहत होतो. "नाना, शेंदूर तेलात कालवून लावू," मी म्हटले, आणि प्रत्येक दगडावर माझ्याच हाताने अंक घातले: उजवा पहिला, डावा पहिला, अशा क्रमाने कळीच्या दगडापर्यंत.

पुढे जे झाले ते माझ्यासारख्याच्या आधीच लक्षात यायला हवे होते. गायरानाच्या कडेला, सोनईच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर, शेंदूर लावलेले तेवीस दगड ओळीने मांडलेले. बाजाराला जाणारे लोक आधी जाता जाता हात जोडू लागले. मग फुले आली. मग एकाने नारळ फोडला. नानांना प्रथम गंमत वाटली. "डावा सातवा लई पावतोय म्हनत्यात," ते मला म्हणाले, "काल त्याला कुनी कोंबडं कबूल केलं." जनावरे येऊ नयेत म्हणून पुतण्यांनी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले, त्याने तर ते स्थान अधिकच जागृत दिसू लागले. मी लोकांना सांगू शकलो असतो. पण भक्तीने जोडलेले हात खाली पाडणे माझ्या जिवावर आले.

फाल्गुनात खडकावर नवा पाया भरला. तोवर गावाचा राग निवळला होता. चुन्याची घाणी फिरवायला पाटलांनी स्वतःचे बैल पाठवले आणि स्वतःही येऊन बसू लागले. दोन्ही पाय उभे राहिले, त्यांवर लाकडी साचा चढला, आणि एकेक दगड आपल्या जागी जाऊ लागला. चैत्र संपताना बावीस दगड बसले. तेविसावा आणायला पुतण्या गायरानात गेला आणि रिकाम्या हाताने परतला. कळीचा दगड तिथे नव्हता.

शोध लागायला आठ दिवस गेले. सोनईच्या वाटेवर दोन कोसांवर कोंडाबाई नावाच्या एका विधवेचे शेत होते. तिच्या बांधावर, निंबाखाली, तो दगड नव्या खणात गुंडाळून बसवलेला होता. पुढे दिवा, उदबत्ती. नाना आणि मी गेलो तेव्हा ती गहू पाखडत होती.

कोंडाबाईचा एकुलता मुलगा पलटणीत होता. ब्रह्मदेशाकडे गेल्यापासून दीड वर्ष त्याचे पत्र नव्हते, आणि लढाई संपल्यावरही आले नव्हते. बाजाराहून येताना तिने ती दगडांची ओळ पाहिली, त्यांतला कमळाचा देव तिच्या मनात भरला, आणि दिराच्या गाडीतून तिने तो घरी आणला. "कुनी आडवलं न्हाई," ती म्हणाली, "मला वाटलं कुनाचाच न्हाई." दगड बांधावर बसवल्यापासून नवव्या दिवशी पत्र आले. मुलगा जिवंत होता. कुठल्याशा लष्करी इस्पितळात पडून होता आणि बरा झाला की परतणार होता.

मी तिला शास्त्र समजावले. प्राणप्रतिष्ठा झाल्यावाचून दगडात देवत्व येत नाही. तरीही तिच्या समाधानासाठी मी विधिपूर्वक उत्तरपूजा करीन आणि मग दगड नेऊ, असे सांगितले. ती सूप खाली ठेवून ऐकत होती. माझे बोलणे संपल्यावर म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुमचं मंतर मला कळत न्हाईत. माझं लेकरू आजून वाटंवर हाय. त्ये घरात येऊ द्या, मंग दगूड न्या. आत्ता हलवाय लावू नगा." आणि ती नानांच्या पायांशी वाकली.

नानांनी तिला उठवले. मग ते दगडापाशी बसले, दोरीने त्याची लांबी-रुंदी घेतली, दोरीला गाठी मारल्या, आणि दोन्ही हात जोडून उठले. "ऱ्हाऊ दे, बाई," एवढेच म्हणाले.

परतताना मी त्यांच्याशी वाद घातला. पावसाळा सव्वा महिन्यावर होता. मुदत टळली, तर बावीस दगड भरावात जाणार होते. शास्त्र आपल्या बाजूला होते, दगड आपला होता. नाना म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमीच वाचलं न्हवं का, की ही कमान परतून येनाऱ्यांसाठी हाय? मंग तिचं पोरगं यायच्या आधी तिच्या दारातनं दगूड उचलायचा, आन् कमान बांधायची कुनासाठी?" त्या लेखाचे वाचन माझे होते. अर्थ मात्र त्यांना लागला होता.

नव्या दगडासाठी ते स्वतः खाणीवर गेले. त्यांचे हात तेव्हा थरथरू लागले होते. पहिला दगड घडवता घडवता चिरला. दुसरा बारा दिवसांत उतरला. पण त्याचा दर्शनी भाग त्यांनी साधा ठेवला. मी विचारले, "कमळ?" नाना म्हणाले, "वाडवडलांसारखं मला जमनार न्हाई. वाईट कोरन्यापरीस सपाट बरा." तो दगड वर चढवला, तेव्हा तो जुन्या दगडांहून फिकट दिसत होता, आणि पाटलांना ते फार खटकले. "नाना, हे ठिगळ दिसतंय की!" ते म्हणाले. "हाय म्हनून दिसतंय," नाना म्हणाले.

चुना वाळू दिल्यावर ज्येष्ठात एका सकाळी साचा काढायचा ठरला. मी स्वस्तिवाचन केले. नानांनी पुतण्यांसकट सर्वांना वीस पावले मागे घालवले आणि एकटे आत जाऊन साच्याखालच्या लाकडी पाचरी एकेक करून ठोकून काढू लागले. शेवटची पाचर निघाली तेव्हा वरून चुन्याची धूळ पडली, आत दगडावर दगड बसल्याचा खोल आवाज झाला आणि नाना दिसेनासे झाले. पाटील ओरडले. धूळ खाली बसली तेव्हा नाना आतल्या ओट्यावर बसून डोळे पुसत होते. "चुना गेला डोळ्यात," ते म्हणाले. कमान उभी होती. चार दिवसांनी ओव्हरशियर येऊन पाहून गेला आणि कागदावर काय लिहायचे ते लिहून गेला.

कोंडाबाईचा मुलगा भाद्रपदात आला. एक पाय थोडा ओढत होता, बाकी सुखरूप होता. आल्याच्या आठवड्यातच मायलेक बैलगाडी जोडून वेशीपाशी आले. गाडीत खणात गुंडाळलेला कळीचा दगड होता. कोणीतरी नानांना बोलावले, मीही गेलो. कोंडाबाईने वर पाहिले, तो फिकट दगड तिला दिसला, आणि तिच्या ध्यानात आले. "माझ्यापायी तुमची कमान बोडकी ऱ्हायली," असे म्हणून ती रडू लागली.

"उभी हाय न्हवं?" नाना म्हणाले. "आता त्याला वर जागा न्हाई, बाई. तुज्या बांधावरच बरा हाय त्यो." मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "व्हय का न्हाई, शास्त्रीबुवा? देव म्हनायचा का दगूड?" वैशाखात या प्रश्नाचे उत्तर मी तोंडपाठ सांगितले होते. त्या दिवशी मी पुढे होऊन त्या दगडाला नमस्कार केला. तिचा मुलगा घामाघूम झाला होता. नानांनी त्याला आतल्या ओट्यावर बसवले आणि पाणी दिले. थोडा वेळ बसून तो आईला आणि दगडाला घेऊन परत गेला.

पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी मार्गशीर्षात नाना अंथरुणाला खिळले. मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणायला जात असे. एका दुपारी त्यांनी डोळे उघडून विचारले, "कमानीखालनं कुनी जातं का हो?"

खोटे बोलणे सोपे होते. पण ज्याने तीन बोटे लपवली नाहीत त्याच्यापुढे ते जमेना. मी म्हटले, "नाही, नाना. रस्ता बाहेरून जातो. दुपारची शेरडं तेवढी सावलीला जातात."

"शेरडं जात्यात," नाना म्हणाले. "मंग थंड आसंल आत." आणि समाधानाने कुशीवर वळले. एकादशीच्या पहाटे ते गेले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. नदीवर स्नानाला जायला डांबरी रस्ता सरळ आहे. मी कमानीकडे वळतो, आत ओट्यावर थोडे बसतो आणि मग नदीवर जातो. शंभर पावले जास्त पडतात. माझ्या वयाला ती कमी नाहीत. पण बसायला जागा आहे.